पंचवीस हजारांतले फळ्यापर्यंत किती?

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, हा विषय माझा नव्हे. पण गेल्या जुलैत आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले, म्हणजे मला केलं गेलं. पालकसभेला आम्ही अकरा बायका आणि चार बापे. अध्यक्ष कोण, असं गुरुजींनी विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कारण एवढंच की मला हिशेब येतो. आमची पिठाची गिरणी आहे आणि दळणाची वही मीच लिहिते.

शाळा पहिली ते चौथी, पट ३७, खोल्या दोन, शिक्षक दोन. एक गुरुजी, एक बाई. माझा धाकटा तिसरीत आहे.

पहिले काही महिने मी नुसत्या सह्या केल्या. मार्चअखेर झाल्यावर म्हटलं, आपण पायलीमागं किती तूट येते ते लिहून ठेवतो, मग इथं का नको? गुरुजींकडून खर्चाची वही मागून घेतली. त्यांनी लगेच दिली, त्याबद्दल तक्रार नाही. संयुक्त शाळा अनुदान आलं २५,०००. दोन तुकड्यांत आलं, त्यातला मोठा तुकडा फेब्रुवारीत. ते कसं गेलं ते तसंच उतरवते:

वीजबिल, मागच्या थकबाकीसह, ६,८४०. स्वच्छतेवर २,५००, म्हणजे फिनेल, हात धुवायचं लिक्विड, बादल्या, झाडू. फ्लेक्स आणि भिंतीवरची रंगवलेली माहिती ४,२००. रजिस्टरं, झेरॉक्स, प्रिंट मिळून ३,१५०. नेटचं रिचार्ज १,८००. पाण्याच्या टाकीचा नळ आणि पाइप २,१००. दार, कडी, खिडकीची जाळी १,९००. खडू, डस्टर, दोन तक्ते ९६०. आणि १,५५० खर्चच झाले नाहीत, ३१ मार्चला लिमिट परत गेली.

खडू आणि तक्ते ९६० रुपये. भागिले ३७. पोरामागं वर्षाला २६ रुपये सुद्धा पडत नाहीत. फ्लेक्सचे मात्र ४,२००. पाच फ्लेक्स आहेत. एकावर समितीच्या सदस्यांची नावं आहेत, त्यात माझंही आहे, आडनाव चुकलेलं. हे सगळे 'दर्शनी भागात लावावेत' म्हणून वरून आलेलं होतं. आमच्या शाळेला दर्शनी भाग एकच आहे, रस्त्याकडची भिंत, ती आता भरली. मुलांना वाचायला तेवढीच एक रंगीत भिंत, पण तिच्यावर टोल फ्री नंबर.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, पण मला वाटतं तीच मोठी आहे. गिरणी शाळेच्या समोर आहे. दळण चालू असताना मला वर्गाचं दार दिसतं. गुरुजी किती वेळा मोबाईल घेऊन पायरीवर बसलेले असायचे! आधी वाटलं व्हॉट्सॲप बघतात. मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही बोलले. मग एकदा पीठ द्यायला गेले तर ते एका मुलीचं आधारवरचं नाव जुळवत होते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, एका वेलांटीचा फरक, त्यामुळं ती ऑनलाईन पटावर येईना. आणि पटावर आली नाही तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एक पोरगी कमी. त्या एका वेलांटीसाठी ते तीनदा तालुक्याला गेले.

मग मी एक उद्योग केला. गिरणीतल्या दिनदर्शिकेवर, ज्या दिवशी दोघांपैकी एकच शिक्षक शाळेत, त्या तारखेला पिठाच्या बोटानं ठिपका. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून ३१ मार्चपर्यंत ४१ ठिपके झाले. प्रशिक्षण, मीटिंग, मतदार यादीचं काम, बँक. आजारपणाचे आणि रजेचे मी धरलेच नाहीत. एका शिक्षकानं चार इयत्ता सांभाळायच्या म्हणजे दोन इयत्ता शुद्धलेखन लिहितात आणि उरलेल्या गोंगाट करतात. हे मला गिरणीच्या आवाजातही ऐकू येतं.

तर प्रश्न असा. कागदपत्रं, फ्लेक्स, मीटिंगा यातला पैसा आणि वेळ काढून वर्गात कसा घालायचा? समितीनं ठराव केला तर तो चालतो का, की नुसता कागद? वरच्या ऑफिसांवर किती खर्च होतो हे कुणाला विचारता येतं? कुणी केलं असेल तर सांगा. राजकारणाचं नको, मला जूनच्या आत काहीतरी करायचंय.


खडूची डबी

ताई, आधी नमस्कार. मी २२ वर्षं जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, जिल्हा सांगत नाही. पायरीवर बसलेल्या गुरुजींना तुम्ही मनातल्या मनातच बोललात हे बरं केलंत. आम्हाला लोक तोंडावर बोलतात.

तुमचा हिशेब वाचला. तुमच्या शाळेचं नाव खोडून माझ्या शाळेचं घातलं तरी चालेल. काही गोष्टी नियमाच्या आहेत, त्या आधी सांगतो म्हणजे तुमच्या गुरुजींवर उगाच आळ यायला नको. स्वच्छतेचे अडीच हजार त्यांनी ठरवलेले नाहीत, अनुदानातले किमान १० टक्के त्यावर घालायचेच असतात. संयुक्त अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,०००, त्यापुढं १०० पर्यंत २५,०००. म्हणजे तुमची सात पोरं बाजूच्या गावातल्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसली की तुमचे पंधरा हजार गेले. वीजबिल मात्र तेवढंच येणार, पंख्याला पट कळत नाही. खेळाच्या साहित्याचं आणि पुस्तकांचं अनुदान वेगळं असतं, ते या वहीत दिसणार नाही, वेगळी वही मागा.

आता ते १,५५० का परत गेले ते सांगतो. पूर्वी पैसे शाळेच्या खात्यावर यायचे, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीनं चेक निघायचा. २०२१ पासून नवी पद्धत आली, खातं शून्य शिल्लक, पैसे वर एकाच खात्यात, आपल्याला फक्त लिमिट दिसते. खर्च करायचा तर ज्याला पैसे द्यायचे त्याची संगणकावर वेंडर म्हणून नोंद करा, एकानं मेकर म्हणून भरा, दुसऱ्यानं चेकर म्हणून मंजूर करा, मग पेमेंटचा कागद छापा, सही-शिक्का मारा, बँकेत नेऊन द्या. बँक माझ्या शाळेपासून १९ किलोमीटर. चोरी थांबली असेल, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या गावातला सुतार चारशे रुपयांत फळ्याची चौकट ठोकून देत होता, त्याच्याकडं छापील बिल नाही आणि वेंडर व्हायला तो तयार नाही. म्हणून तीच चौकट तालुक्याच्या फर्निचरवाल्याकडून अकराशेला. हे सातशे रुपये तुम्ही कुठल्या रकान्यात टाकाल? कागदावर तर तो 'वर्गखर्च' आहे!

आणि माहिती. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी साडेदहाला मेसेज पडतो: 'सोबतच्या लिंकमध्ये माहिती आज दुपारी २ पर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक भरावी.' निरंक म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. नोकरीतले माझे सगळ्यात जास्त वेळा लिहिलेले शब्द 'अ आ इ' नव्हेत, 'निरंक' आहे. २०१६ मध्ये तर दर सोमवारी मुलांबरोबर सेल्फी काढून टाकायचा आदेश आला होता, दहा-दहा मुलांचे गट करून. ओरड झाली म्हणून तो बारगळला. नाहीतर माझ्या निवृत्तीच्या फोटोंची सोय झाली असती.

जुनी एक गोष्ट सांगतो. सर्व शिक्षा अभियानात पूर्वी दर शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळायचे, शैक्षणिक साहित्यासाठी, थेट. रक्कम हसण्यासारखी. पण त्या पाचशेत मी एका वर्षी गुजरीतून दोन रंगांचे मणी आणले, जाड दोऱ्यात दहा लाल, दहा पांढरे असे ओवून शंभराच्या माळा केल्या. आठ माळा. पहिलीतलं पोरगं माळेवर बोट ठेवून सत्तेचाळीस दाखवायचं, चार रंग ओलांडून पाचव्यातले सात मणी. दशक म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. त्यातल्या पाच माळा अजून आहेत. ते पाचशे रुपये बंद झाले तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही.

नेटचं रिचार्ज कापू नका एवढी विनंती. तुम्ही कापलंत तर ते गुरुजींच्या खिशातून जाईल, काम काही थांबणार नाही.


डॅलसकर

मूळचा साताऱ्याचा, आता २० वर्षं टेक्सासात. गिरणीवाली ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हाच प्रश्न इकडं एका राज्यात नव्हे, अर्ध्या देशात गाजला होता, आणि मी त्या वेळी नवा नवा आलेलो होतो.

२००५ ची गोष्ट. ओव्हरस्टॉक नावाच्या ऑनलाईन दुकानाचे प्रमुख पॅट्रिक बर्न यांनी एक मोहीम चालवली. म्हणणं सोपं: प्रत्येक शाळा-जिल्ह्यानं आपल्या खर्चातले किमान ६५ टक्के वर्गात घातलेच पाहिजेत. तेव्हा देशाची सरासरी ६१ च्या आसपास होती. म्हणजे नवा कर नको, ऑफिसचे चार टक्के उचला आणि वर्गात टाका. ऐकायला कुणाला आवडणार नाही? आमचे गव्हर्नर रिक पेरी यांनी त्याच ऑगस्टमध्ये तसा आदेश काढला. जॉर्जियानं पुढच्या वर्षी कायदा केला.

घोळ झाला तो 'वर्ग' म्हणजे काय यावर. मोहिमेनं सरकारी आकडेवारीतली व्याख्या उचलली होती. त्या व्याख्येत शिक्षक आला, पुस्तकं आली, आणि फुटबॉलचा कोचही आला. ग्रंथपाल नाही. नर्स नाही. समुपदेशक नाही. मुलांना आणणारी बस नाही, जेवण नाही. टेक्सासच्या पश्चिमेकडं एकेका शाळेची मुलं तास-तास बसनं येतात. त्यांचं डिझेल 'प्रशासन' आणि कोचची शिट्टी 'शिक्षण'. ग्रंथपालांनी रान उठवलं. त्यात स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेनं नऊ राज्यांचे आकडे तपासून सांगितलं की ६५ काय किंवा दुसरा कुठला आकडा काय, त्याचा आणि मुलांच्या गुणांचा ठोस संबंध दिसत नाही. २००६ मध्ये कोलोरॅडोत हा विषय थेट मतदानाला आला. दोन वेगवेगळे प्रस्ताव होते, एकात व्याख्या कडक, दुसऱ्यात सैल. लोकांनी दोन्ही पाडले.

म्हणून तुमच्या वहीकडं परत जा. टाकीचा नळ तुम्ही वर्गाबाहेर धरलाय. पण पाणी नसलं की पोरं घरी पळतात, हो ना? आणि दार कुठल्या खोलीचं होतं?


वडाचापार

फ्लेक्स कुणाच्या प्रेसमध्ये छापलेत तेवढं बघा फक्त. बाकी चालू द्या.


गिरणीवाली

@डॅलसकर, दार तिसरीच्या खोलीचं. कडी तुटली होती, पावसाळ्यात कुत्री आत यायची. बरोबर आहे तुमचं. म्हणजे नळ, दार आणि स्वच्छता मिळून ६,५०० मी उगाच ऑफिसच्या नावावर मांडले होते. वहीत दुरुस्ती केली.

@वडाचापार, बघितलं. बोलत नाही.

@खडूची डबी, त्या माळा वाचून मी गिरणी बंद करून पाच मिनिटं बसले होते. पण गुरुजी, मला मूळ उत्तर अजून मिळालं नाही. वेळेचं काय? ४१ ठिपके कसे पुसायचे?


निवृत्त विस्तार

शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. म्हणजे या धाग्यावरचा खलनायक मीच. दोन बाजू मांडतो, थोडं लांबेल.

पहिली बाजू आमची. 'वरच्या ऑफिसांवर किती खर्च' हा प्रश्न रास्त आहे, जरूर विचारा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज द्या, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मात्र प्रश्न नेमका विचारा. 'प्रशासनावरील खर्च द्या' असं लिहिलंत तर 'सदर माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही' येईल. मीच अशी उत्तरं दिलीत, शब्द पाठ आहेत. 'अमुक वर्षातील प्रशिक्षणावरील चहा-भोजन, फ्लेक्स, छपाई यांच्या प्रमाणकांच्या प्रती' असं मागा. प्रमाणक म्हणजे व्हाउचर.

पण ऑफिस म्हणजे सगळं चरायचं कुरण, असं समजू नका. शाळेत येऊन बाईंच्या शेजारी बसून, ही मुलगी वजाबाकीत कुठं अडतेय हे बघणारा माणूस केंद्रप्रमुख. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. राज्यात ही पदं ४,८६० आणि त्यांतली कितीतरी वर्षानुवर्षं रिकामी राहिलेली. एकाकडं दोन-तीन केंद्रांचा कार्यभार दिला की तो शाळेत येत नाही, माहिती गोळा करतो. तुम्ही म्हणता तो 'वरचा' माणूस कमी पडला म्हणून वरचा कागद वाढला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी स्वतः शेवटच्या चार वर्षांत शाळेत जाऊन पाठ पाहिला असे दिवस मोजले तर तुमच्या ठिपक्यांपेक्षा कमी भरतील. हे लिहायला बरं वाटत नाही.

आता दुसरी बाजू, तुमची. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट वाचा, दोन पानांचं आहे. शाळेला काय काय हवं याची यादी आहे त्यात. कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापकांची खोली अशी तिन्ही मिळून एक खोली हवी, असं लिहिलंय. पण त्या कार्यालयात बसणार कोण, तर कारकून हा शब्दच त्यात नाही. स्वतंत्र मुख्याध्यापकसुद्धा प्राथमिकला पट १५० च्या वर गेला तर. ३७ पटाच्या शाळेत मुख्याध्यापक, कारकून, शिपाई, भांडारपाल, बँकेत जाणारा पोऱ्या, सगळं त्या दोघांतच.

आता हिशेबाची गंमत बघा. त्यांचा पगार सरकारी खात्यात 'शिक्षण' म्हणून लागतो, शंभर टक्के. त्यातला दिवसाचा दीड-दोन तास कारकुनीचा असला तरी. म्हणजे डॅलसकरांच्या त्या ६५ च्या कसोटीवर तुमची शाळा कधीच नापास होणार नाही! कागदावर सगळा पैसा वर्गातच आहे. तुमच्या वहीतले २५ हजार हे शाळेच्या खर्चातलं मीठ. दोघांचे पगार एका महिन्याचेच त्याच्या कितीतरी पट. म्हणून मीठ इकडचं तिकडं करून फार काही होणार नाही ताई. कारकुनी त्या दोघांच्या डोक्यावरून उतरवली तर होईल. म्हणजे प्रशासनावर थोडा जास्त खर्च. तुम्हाला उलटं वाटेल. दिल्लीच्या सरकारी शाळांत इस्टेट मॅनेजर नेमले होते, नळ, दिवे, साफसफाई त्यांच्याकडं, म्हणजे प्राचार्यांनी वर्गात लक्ष घालावं. त्यांचा पगार कुणीही प्रशासनातच धरेल.

उलटं उदाहरण आपल्याकडचंच. गणवेशाचे मुलामागं ६०० रुपये शाळा समितीकडं यायचे, दोन जोड, गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या शिंप्याकडून. २०२४ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापडाची खरेदी वर नेली. हेतू स्वस्ताईचा आणि एकसारखेपणाचा. बऱ्याच ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश नाही, आले ते मापात नाहीत. त्याच डिसेंबरात निर्णय फिरवून अधिकार परत समित्यांकडं दिले. खरेदी कुणी करायची यानंसुद्धा पैसा वर्गात पोचतो की वाटेत बसतो हे ठरतं.

तुमच्या ठरावाबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणं समितीत पाऊण हिस्सा पालक, आणि निम्म्या बायका. कलम २२ प्रमाणं शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा आहे. तो बहुतेक ठिकाणी गुरुजी एका संध्याकाळी मागच्या वर्षीचा बघून लिहितात. तुम्ही खरोखरचा करा. त्यातलं वीजबिल आणि पाणी ग्रामपंचायतीकडं ढकला, वित्त आयोगाच्या निधीतून किंवा स्वनिधीतून बऱ्याच ग्रामपंचायती ते भरतात. ग्रामसभेत मांडायचं, मासिक सभेत नाही. ग्रामसभेत बायका जास्त असल्या की विषय लवकर सुटतो, हा माझा अनुभव.

आणि ठिपक्यांचा कागद फेकू नका. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम द्यायचं नाही. तुमच्या ४१ पैकी मतदार यादीचे वेगळे काढा, ते कायद्यात बसवून घेतात. राहिलेल्यांचं कारण लेखी विचारा.


खडूची डबी

निवृत्त साहेब, तुमच्यासारखे दोघे आम्हाला हजर असताना मिळाले असते तर.

'दीड-दोन तास' हे मात्र सौम्य झालं. असो.


गिरणीवाली

मंडळी, जूनचा दुसरा आठवडा आहे, शाळा उघडायला चार दिवस. काय झालं ते सांगते, नाहीतर धागा अर्धवट राहील.

वीजबिल ग्रामसभेत मंजूर झालं. आम्ही सतरा बायका गेलो होतो. सरपंच म्हणाले, आधी का नाही सांगितलं. ग्रामसेवक वहीत बघत राहिले. मी म्हटलं, आत्ता सांगतोय ना. थकबाकी नाही, पण एप्रिलपासूनची बिलं ग्रामपंचायत भरणार.

फ्लेक्सबद्दल समितीत ठराव केला: 'या वर्षी नवीन फ्लेक्स छापू नये. शासनाकडून आलेली माहिती फळ्यावर खडूने लिहून त्याचा फोटो पाठवावा.' यावर तालुक्याहून फोन आला, असं चालतं का म्हणून विचारायला. मी विचारलं, चालत नाही असं कुठं लिहिलंय? ते म्हणाले बघून सांगतो. अजून बघतायत.

आता कारकुनीचं. निवृत्त काका, तुमचं वाचून आधी राग आला होता. मी आले होते ऑफिसचा खर्च कमी करायला आणि तुम्ही म्हणता वाढवा! दोन दिवस पोस्ट उघडलीच नाही. मग आमच्याकडं दळण आणणारी एक मुलगी आठवली, बीकॉम झालीय, टायपिंग येतं, लग्न होऊन इथं आलेली, घरी बसून कंटाळलीय. आमची शाळा आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीची शाळा, अशा दोन मिळून तिला ठेवायचं ठरवलं. आठवड्यातून चार अर्धे दिवस, दोन इथं, दोन तिथं. महिना २,४००, दोन शाळांत निम्मे निम्मे. आमच्या बाजूनं २९ घरं आहेत, घरामागं तीस रुपये धरले तर ८७०, उरलेले गिरणीतून. अनुदानाला हात नाही लावला, गुरुजी म्हणाले ते खर्चाच्या कुठल्याच शीर्षात बसणार नाही.

लगेच अडचण आली. लॉगिन गुरुजींच्या नावाचं, ओटीपी गुरुजींच्या मोबाईलवर. मेच्या सुट्टीत एक दिवस करून पाहिलं तर ती पोरगी दर दहा मिनिटांनी 'सर, ओटीपी' म्हणून हाक मारायची. वर्ग असता तर काय झालं असतं! शिवाय बाईंचं म्हणणं पडलं की मुलांची आधारची माहिती बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायची नाही, आणि ते बरोबरच आहे. मग असं ठरलं: तिनं सगळं कच्चं करायचं. रजिस्टर, तांदळाचा हिशेब, बिलांच्या फायली, एक्सेलचे तक्ते, 'निरंक'. ज्याला ओटीपी लागतो ते खिचडीच्या सुट्टीत, गुरुजींच्या समोर बसून, वीस मिनिटांत. आणि बँकेत कागद नेऊन द्यायला मी जाते, मला तसंही गिरणीच्या भरण्यासाठी जावंच लागतं. बँकेतल्या साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं अध्यक्ष. त्यांनी रजिस्टरमध्ये 'शिपाई' लिहिलं. पुढच्या खेपेला खोडायला लावते.

@निवृत्त विस्तार, ठिपक्यांचं पत्र दिलं. ४१ मधले मतदार यादीचे ९ काढले, ३२ राहिले. पोच मिळाली, उत्तर नाही. माहिती अधिकाराचा अर्ज पण टाकलाय, तुमच्याच शब्दांत. बघू तुमच्या जागी आता कोण बसलंय.

@डॅलसकर, विकास आराखड्यात 'वर्ग' आणि 'ऑफिस' असे दोन रकाने मी आखले होते. बाईंनी तिसरा आखला, 'पोरांना लागतं ते'. नळ तिथं गेला.

वीजबिलाचे वाचतील त्यातले दोन हजार बाई आणि गुरुजींना हजार हजार असे द्यायचे ठरलंय, काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं, समितीनं फक्त पावती बघायची. बाईंनी पहिलं नाव मण्यांचंच घेतलं, म्हणजे इथलं मी त्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हा @खडूची डबी, एवढं सांगा: ते मणी लाकडी होते की प्लास्टिकचे, आणि दोरा कुठला? आमच्या बाजारात मिळतो तो ओवायचा दोरा पोरं आठ दिवसांत तोडतील. बिल देणारा दुकानदार माहीत असेल तर तेही.


खडूची डबी

प्लास्टिकचे, वाटाण्याएवढे. लाकडी रंग सोडतात. दोरा नको, चपलांना टाके घालायला चांभार वापरतात तो मेणाचा नायलॉन घ्या आणि दर दहा मण्यांनंतर गाठ मारा, म्हणजे तुटली तरी सगळी माळ सांडत नाही. गुजरीतला तो माणूस बिल देत नाही.